बंगळुरू, १४ फेब्रुवारी १९९०: आज्ञा पाळणारे विमान

१/
१४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान बंगळुरूच्या जुन्या, एचएएल विमानतळावर उतरण्याच्या बेतात होते. आकाश स्वच्छ होते, धावपट्टी समोर दिसत होती आणि विमान सेवेत येऊन दोन महिनेही झाले नव्हते. तरीही दुपारी एक वाजून तीन मिनिटांच्या सुमारास ते धावपट्टीच्या सुमारे २,३०० फूट अलीकडे, गोल्फच्या मैदानावर टेकले. विमानात १४६ माणसे होती. त्यांतील ९२ जण मृत्युमुखी पडले.

२/
या अपघाताचे कारण सांगताना 'वैमानिकाची चूक' असे दोन शब्द सर्रास वापरले जातात. ते खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. चौकशी अहवालाचा निष्कर्ष दोन वाक्यांचा होता. लोकांच्या स्मरणात त्यांतील पहिलेच राहिले. दुसरे वाक्य काय होते, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत जगभरच्या विमानवाहतुकीला ते पुन्हा पुन्हा का आठवावे लागले, याचा हा मागोवा.

३/
प्रथम पार्श्वभूमी. ऐंशीच्या दशकात देशांतर्गत विमानप्रवास म्हणजे मुख्यतः सरकारी मालकीची इंडियन एअरलाइन्स. तिच्या ताफ्यात बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३०० ही विमाने होती. नव्या पिढीचे विमान म्हणून तिने एअरबस ए-३२० निवडले आणि १९८९ मध्ये ही विमाने भारतात दाखल होऊ लागली. आपल्याकडील धावपट्ट्यांचा विचार करून त्यांच्या प्रत्येक मुख्य पायाला नेहमीच्या दोनऐवजी चार चाके बसवून घेण्यात आली होती. धावपट्टीसाठी विमानाचे पाय बदलता आले. त्याच्या आतली विचारपद्धती मात्र वैमानिकांनाच आत्मसात करायची होती.

४/
ही विचारपद्धती खरोखरच नवी होती. जुन्या विमानांत वैमानिकाच्या हातातील दांडा तारा, कप्प्या आणि द्रवदाबाच्या यंत्रणेमार्फत पंखांवरील पट्ट्या हलवीत असे. ए-३२० मध्ये वैमानिकाच्या बाजूला एक छोटी काठी असते. ती हलवली की विद्युतसंदेश संगणकाकडे जातो आणि संगणक पट्ट्या हलवतो. अंकीय संगणकांमार्फत अशा रीतीने चालवले जाणारे हे पहिले प्रवासी विमान. १९८८ मध्ये ते सेवेत आले, तेव्हा विमानशास्त्रातील एका युगाची अखेर झाल्याची भावना होती.

५/
त्यातील दोन गोष्टी या कथेसाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे हाताला होणारा स्पर्शबोध. जुन्या विमानाचा वेग घटू लागला की त्याचे नाक आपोआप खाली झुकू लागे आणि ते वर धरून ठेवण्यासाठी वैमानिकाला दांडा अधिकाधिक जोराने ओढावा लागे. हाताला बसणारा तो ताण हीच एक सूचना होती. ए-३२० चे संगणक विमानाचा मार्ग स्वतःच सांभाळत राहतात. वेग घटत असला तरी काठी हलकीच राहते. हाताला काहीच कळत नाही. डोळ्यांनी वेगदर्शक पाहावा लागतो.

६/
दुसरी गोष्ट इंजिनांची. अनेक विमानांत स्वयंचलित यंत्रणा इंजिनांचा जोर कमी-जास्त करते, तेव्हा थ्रॉटलचे दांडेही मागेपुढे सरकतात. त्यांवर तळहात ठेवलेल्या वैमानिकाला न बघताही इंजिनांचे काय चालले आहे, हे समजते. ए-३२० मध्ये हे दांडे एका खाचेत स्थिर राहतात. इंजिने पूर्ण जोरात असोत की अगदी मंद, दांडे जागचे हलत नाहीत. जोर किती आहे हे पडद्यावरील आकड्यांवरून आणि इंजिनांच्या आवाजावरूनच ओळखायचे.

७/
आता 'मोड' ही कल्पना समजून घ्यायला हवी, कारण सारा प्रश्न तिच्याभोवती फिरतो. विमान खाली येत असताना वेग सांभाळण्याचे दोन मार्ग असतात. एकात संगणक इंजिनांचा जोर गरजेप्रमाणे बदलून ठरलेला वेग राखतो. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात हाच मोड हवा असतो. दुसऱ्यात इंजिने किमान जोरावर ठेवली जातात आणि वेग नाकाच्या कलावर राखला जातो, उतारावर इंजिन मंद ठेवून गाडी सोडून द्यावी तसा. या दुसऱ्या मोडला 'ओपन डिसेंट' म्हणतात.

८/
ओपन डिसेंट हजारो फूट उंचीवरून खाली येण्यासाठी उत्तम. जमिनीजवळ मात्र तो धोकादायक ठरतो. वैमानिकाने धावपट्टी गाठण्यासाठी नाक जरा वर धरले, तर वेग घटतो आणि इंजिने तो भरून काढत नाहीत. कारण त्यांना किमान जोरावर राहण्याचीच आज्ञा मिळालेली असते. कोणता मोड चालू आहे हे वैमानिकासमोरील पडद्याच्या वरच्या पट्टीत काही अक्षरांत लिहिलेले असते. दोन अत्यंत भिन्न अवस्थांमधला दृश्य फरक एवढाच.

९/
त्या दिवशी कॉकपिटमध्ये दोन कप्तान होते. डाव्या आसनावरील कप्तान ए-३२० वर स्वतंत्रपणे कमान सांभाळण्यापूर्वीची मार्गपरीक्षा देत होते. उजव्या आसनावरील कप्तान त्यांचे परीक्षक होते. म्हणजे डाव्या बाजूचा वैमानिक विमान चालवत होता, आणि उजव्या बाजूचा सहवैमानिकाची कामे करत असतानाच त्याचे मूल्यमापनही करत होता. दोघेही अनुभवी होते. पण ए-३२० हे विमानच भारतात इतके नवे होते की त्याच्या स्वभावाशी दीर्घ परिचय असणे शक्य नव्हते.

१०/
विमान पश्चिमेकडून येऊन ०९ या धावपट्टीवर उतरणार होते. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फूट उंचीवर आहे. अखेरच्या टप्प्यात, दर मिनिटाला ७०० फूट या गतीने खाली येण्याचे बोलणे कॉकपिटमध्ये झाले. ही नेहमीची, सुरक्षित गती. तिच्यासाठी एक विशिष्ट नॉब फिरवून आकडा द्यायचा असतो. तसे झाले असते तर इंजिनांनी वेग सांभाळला असता आणि विमान एका सरळ उतारावरून धावपट्टीपर्यंत पोहोचले असते.

११/
प्रत्यक्षात विमान ओपन डिसेंट मोडमध्ये होते. इंजिने किमान जोरावर गेली होती. ठरलेला वेग होता सुमारे १३२ नॉट. तो घटत घटत १०६ नॉटच्या आसपास आला. विमानाचा मार्ग अपेक्षित उताराच्या खाली घसरू लागला. कॉकपिटमध्ये कुठलाही बिघाडाचा दिवा लागला नाही, कारण बिघाड नव्हताच. संगणकाच्या दृष्टीने सारे आज्ञेप्रमाणे चालले होते.

१२/
जमिनीपासून काहीशे फुटांवर असताना विमान ओपन डिसेंटमध्ये असल्याचे परीक्षकांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. मग 'फ्लाइट डायरेक्टर' बंद करण्याचा विषय निघाला. फ्लाइट डायरेक्टर म्हणजे नाक किती वर वा खाली धरावे हे दाखवणाऱ्या, प्रत्येक वैमानिकाच्या पडद्यावरील रेघा. ए-३२० मध्ये दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर बंद केले, की इंजिने आपोआप वेग राखण्याच्या मोडमध्ये येतात. सुटकेचा तो सोपा मार्ग होता.

१३/
पण त्यासाठी दोन्ही बंद व्हावे लागतात. एक चालू राहिला तर जुना मोड कायम राहतो. ध्वनिमुद्रणातील संभाषणावरून स्पष्ट होते की एका बाजूचा फ्लाइट डायरेक्टर बंद झाला होता आणि दुसऱ्या बाजूचा झाला नव्हता. इंजिने मंदच राहिली. विमानाचा मोड ठरवणारी अट दोन माणसांच्या दोन स्वतंत्र बटणांत विभागलेली होती, आणि ही अट पूर्ण झाली की नाही हे तपासायला वेळ जवळजवळ उरला नव्हता.

१४/
जमिनीपासूनचे अंतर मोजणारी यंत्रणा यांत्रिक आवाजात उंची सांगत होती: चारशे, तीनशे, दोनशे. थ्रॉटल पुढे ढकलण्याची कृती या काळात झाली नाही. वेग फार घटल्याचे ओळखून विमानाच्या संरक्षक यंत्रणेने स्वतःहून पूर्ण जोराची आज्ञा दिली, वैमानिकांनीही अखेरीस थ्रॉटल पुढे लोटले. परंतु जेट इंजिन किमान जोरावरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद घेते. तेवढे सेकंद शिल्लक नव्हते.

१५/
विमान कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर टेकले, उसळले, पुन्हा आदळले आणि समोरच्या सुमारे १२ फूट उंचीच्या बांधावर धडकले. चाके व इंजिने तुटून पडली. विमान विमानतळाच्या कुंपणभिंतीबाहेरच्या खडकाळ, दलदलीच्या जागेत थांबले आणि पेटले. आघातातून वाचलेल्या अनेकांना आगीने गाठले. ५४ जण जिवंत राहिले. दोन्ही वैमानिक मरण पावले. त्यामुळे पुढच्या साऱ्या चर्चेत त्यांची बाजू केवळ ध्वनिफितीतील तुटक वाक्यांपुरतीच उरली.

१६/
देशात संताप उसळला. विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार नुकतेच सत्तेवर आले होते आणि ए-३२० ची खरेदी आधीच्या राजीव गांधी सरकारच्या काळातली होती. या खरेदीव्यवहाराबद्दल सीबीआयने त्याच वर्षी गुन्हा नोंदवला. इंडियन एअरलाइन्सची सारी ए-३२० विमाने जमिनीवर उतरवण्यात आली आणि कोट्यवधींची नवी यंत्रे काही महिने उभी राहिली. विमान चांगले की वाईट, हा तांत्रिक प्रश्न राजकीय प्रश्नात मिसळून गेला.

१७/
संशयाला आणखी एक कारण होते. २६ जून १९८८ रोजी फ्रान्समध्ये हाब्सहाइम येथे हवाई प्रदर्शनात एअर फ्रान्सचे ए-३२० अत्यंत कमी उंचीवरून उडताना झाडांत घुसले होते. त्यातील १३६ जणांपैकी तिघांचा मृत्यू झाला. तिथेही इंजिने मंद होती आणि जोर यायला उशीर झाला. या नव्या विमानाचा सेवेतील इतिहास दोन वर्षांचाही नव्हता आणि तेवढ्यात दोन विमाने जमिनीजवळ जोर कमी पडून कोसळली होती. 'दोष यंत्रात की माणसात' असा वाद पेटणे अपरिहार्य होते.

१८/
चौकशीचे काम कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. शिवशंकर भट यांच्याकडे सोपवण्यात आले. निष्कर्षातील पहिल्या वाक्याचा आशय असा: विमान ओपन डिसेंटमध्ये असल्याचे माहीत असूनही आणि चारशे, तीनशे, दोनशे फुटांच्या घोषणा होऊनही वैमानिकांना परिस्थितीचे गांभीर्य उमगले नाही आणि त्यांनी थ्रॉटल वेळीच पुढे केले नाहीत. वर्तमानपत्रांनी आणि पुढे अनेक पुस्तकांनी उचलले ते हेच.

१९/
दुसऱ्या वाक्याचा आशय असा: उड्डाणाच्या त्या निर्णायक क्षणी विमान ओपन डिसेंट मोडमध्ये का गेले, हे निश्चित करणे शक्य नाही. अपघाताची साखळी जिथून सुरू झाली, नेमका तोच दुवा अनिश्चित राहिला. वैमानिकांनी काय केले नाही, हे न्यायालय सांगू शकले; विमान त्या अवस्थेत कसे पोहोचले, हे सांगता येणार नाही, अशी प्रामाणिक कबुली त्याने दिली. अहवाल वाचताना या दोन वाक्यांना वेगळे करणे म्हणजे अर्धा पुरावा टाकून देणे होय.

२०/
या रिकाम्या जागेसाठी सर्वाधिक चर्चिली गेलेली शक्यता एका नॉबची आहे. ए-३२० मध्ये उंचीचा आकडा देण्याचा नॉब आणि खाली येण्याची गती देण्याचा नॉब शेजारी-शेजारी असतात. गतीसाठी द्यायचा ७०० हा आकडा चुकून उंचीच्या नॉबवर दिला गेला असावा, अशी ही अटकळ. तसे झाले असेल, तर विमानाला समुद्रसपाटीपासून ७०० फुटांवर जाण्याची आज्ञा मिळाली, म्हणजे बंगळुरूच्या जमिनीखाली २,२०० फूट. वाटेत थांबण्याचे कारणच संगणकापाशी उरले नाही. हे सिद्ध झालेले नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

२१/
शेजारचे नॉब वा दांडे चुकण्याचा इतिहास विमानाइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवर पोटावर बसत असत. वैमानिक पंखांच्या पट्ट्या मिटवायला जात आणि चाके मिटवून बसत. अनेकदा 'वैमानिकाची चूक' अशी नोंद झाली. अल्फोन्स चपानीस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले, तेव्हा दिसले की दोन्हींची नियंत्रणे सारखी आणि शेजारीच आहेत. त्याने चाकांच्या दांड्याला रबरी चाकाचा आणि पट्ट्यांच्या दांड्याला पाचरीचा आकार दिला. चुका थांबल्या.

२२/
१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सर्वांत मोठा, जवळजवळ निम्मा गट एका नियंत्रणाऐवजी दुसरेच हाताळण्याचा होता. या अभ्यासाने चूक कोणाची, या प्रश्नाच्या जागी चूक कोणत्या रचनेमुळे सोपी झाली, हा प्रश्न आणला. चाकाच्या आकाराचा तो दांडा आजही विमानांत दिसतो. संगणकयुगात मात्र अडचण वेगळी होती: दांड्याला आकार देता येतो, मोडला आकार कसा द्यावा?

२३/
बंगळुरूनंतर दोनच वर्षांनी हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २० जानेवारी १९९२ रोजी एअर इंटेरचे ए-३२० फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला उतरताना रात्रीच्या वेळी डोंगरावर आदळले. ९६ पैकी ८७ जणांचा मृत्यू झाला. सर्वाधिक संभाव्य मानले गेलेले स्पष्टीकरण असे: वैमानिकांना ३.३ अंशांचा उतार द्यायचा होता, पण मोड दुसराच असल्याने विमानाने '३३' चा अर्थ मिनिटाला ३,३०० फूट असा घेतला. एकच नॉब, मोडनुसार दोन अर्थ. पुढे एअरबसने गतीचा आकडा पूर्ण चार अंकांत दिसेल अशी सुधारणा केली.

२४/
ही केवळ एअरबसची कहाणी आहे असे समजणेही चुकीचे ठरेल. २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळ तुर्किश एअरलाइन्सचे बोइंग ७३७ शेतात कोसळले. १३५ पैकी नऊ जण दगावले. डाव्या बाजूचा उंचीमापक उणे ८ फूट दाखवत होता. विमान जमिनीवर टेकत आहे असे समजून स्वयंचलित यंत्रणेने इंजिने मंद केली. बोइंगमध्ये थ्रॉटलचे दांडे हलतात. पण त्या क्षणी वेग कमी करायचाच होता, म्हणून मागे गेलेले दांडे स्वाभाविकच वाटले.

२५/
६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एशियाना एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ ची शेपटी धावपट्टीआधीच्या सागरी बंधाऱ्यावर आदळली. विमानातील ३०७ पैकी तिघांचा मृत्यू झाला. इथेही आकाश स्वच्छ होते, विमान सुस्थितीत होते आणि वेग १३७ नॉटवरून १०३ नॉटपर्यंत घसरला होता. स्वयंचलित थ्रॉटल वेग राखत आहे, अशी वैमानिकाची समजूत होती. प्रत्यक्षात तो अशा मोडमध्ये गेला होता, जिथे तो वेगाकडे लक्षच देत नाही. बंगळुरूशी असलेले साम्य अस्वस्थ करणारे आहे.

२६/
या साम्यात एक धागा सहज निसटतो. बंगळुरूला परीक्षक आणि परीक्षार्थी होते. स्किपोलच्या विमानात प्रशिक्षणाधीन सहवैमानिक, शिकवणारा कप्तान आणि देखरेखीसाठी तिसरा वैमानिक होता. सॅन फ्रान्सिस्कोत ७७७ नव्याने शिकणारा अनुभवी कप्तान आणि त्याचा प्रशिक्षक होता. तिन्ही ठिकाणी कॉकपिटमधील लक्ष विमान आणि शिकवणे या दोहोंत वाटले गेले. शिकणाऱ्याला वाटते, शेजारी जाणकार बसला आहे. शिकवणाऱ्याला वाटते, याला स्वतःहून दुरुस्त करायला थोडा अवधी द्यावा. शंभर फुटांवर हा अवधी फार महाग पडतो.

२७/
या साऱ्याचा अभ्यास नव्वदच्या दशकात सुरू झाला. नदीन सार्टर आणि डेव्हिड वूड्स यांच्या संशोधनाने दाखवले की स्वयंचलित कॉकपिटमध्ये अनुभवी वैमानिकही मोडबाबत गोंधळतात. १९९४ मध्ये नागोया येथे चायना एअरलाइन्सचे ए-३०० उतरताना कोसळून २६४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने विशेष पथक नेमले आणि माणूस व स्वयंचलित कॉकपिट यांच्यातील दुव्यांवर त्याचा विस्तृत अहवाल १९९६ मध्ये आला.

२८/
हळूहळू सवयी बदलल्या. मोड बदलला की तो पडद्यावर वाचून मोठ्याने उच्चारावा, ही पद्धत रुजली. आणखी महत्त्वाचा आहे 'स्थिर अवतरणा'चा नियम. ढगाळ हवेत १,००० फूट आणि स्वच्छ हवेत ५०० फूट उंचीवर वेग, उतार आणि इंजिनांचा जोर ठरलेल्या मर्यादेत नसेल, तर कारण शोधत बसायचे नाही. पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचे. मोड का बदलला, याचे उत्तर वर गेल्यावर शोधता येते. ६०५ च्या कॉकपिटमध्ये अखेरचे मौल्यवान सेकंद नेमके हे उत्तर शोधण्यात आणि बटणांत गेले.

२९/
दुसरी बाजूही न्यायाने मांडायला हवी. वेगदर्शक दोघांच्याही समोर होता, यांत्रिक आवाज उंची सांगत होता आणि थ्रॉटल हाताशी होते. वेळीच केलेल्या एका हालचालीने विमान वाचले असते, हे न्यायालयाचे म्हणणे खोडून काढता येत नाही. तसेच ए-३२० हे सदोष विमान होते, असेही इतिहास सांगत नाही. ते पुढे जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रवासी विमानांत गणले गेले. वैमानिकाला निर्दोष किंवा यंत्राला दोषी ठरवणे, हे या मांडणीचे प्रयोजन नाही.

३०/
प्रश्न आहे तो 'कारण' या शब्दाचा. 'थ्रॉटल पुढे केले नाहीत' हे शेवटचे कारण. त्यामागे न उमगलेला मोड, त्यामागे अर्धवट बंद झालेले फ्लाइट डायरेक्टर, त्यामागे न हलणारे दांडे आणि हलकी राहणारी काठी, त्यामागे नव्या यंत्राशी झालेली अल्प ओळख, आणि या साऱ्यांवर परीक्षेच्या दिवसाचे सावट. साखळीच्या टोकाशी माणूस उभा असतो, म्हणून नजर प्रथम त्याच्यावर जाते. मृत वैमानिक उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून ती नजर तिथेच स्थिरावते.

३१/
मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि एचएएल विमानतळावरून होणारी नियमित प्रवासी उड्डाणे बंद झाली. गोल्फचे मैदान अजून आहे. ६०५ च्या ९२ मृतांना उपयोगी पडेल असे कोणतेच स्पष्टीकरण असू शकत नाही. पण त्यांच्यानंतर विमानात बसलेल्यांना उपयोगी पडले ते अहवालाचे दुसरे वाक्य. पहिल्या वाक्याने दोष निश्चित केला आणि प्रकरण मिटवले. दुसऱ्याने प्रश्न उघडा ठेवला: विमान तिथे पोहोचलेच कसे? पुढची सारी सुधारणा याच प्रश्नाचा पाठपुरावा करत आली आहे.

(समाप्त)